भिशीचे दीड लाख आणि सॉकेटची तिसरी पिन

२०२५ च्या श्रावणात माझ्या मावसभावाला भिशी लागली. दीड लाख रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीच्या बसची वाट बघत उभा होतो, तेव्हा त्याचा फोन आला. "दादा, फिफ्टी-एटी घ्यायचं ठरलंय. कुठनं घेऊ तेवढं सांग." फिफ्टी-एटी म्हणजे आरटीएक्स ५०८०, गेमची चित्रं काढायला पीसीत बसवायचं महागडं ग्राफिक्स कार्ड.

पोटापाण्यासाठी मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. पीसी जोडून देणं हा संध्याकाळचा नाद. नातेवाइकांचे, मित्रांचे, त्यांच्या पोरांचे मिळून बरेच पीसी हाताखालून गेलेत, त्यामुळे 'कुठनं घेऊ तेवढं सांग' हा प्रश्न मी चांगला ओळखतो. विचारणाऱ्याला सल्ला नको असतो, दुकानाचा पत्ता हवा असतो. तरी म्हटलं, रविवारी येतो, तोवर कुणाला एक रुपया देऊ नकोस. त्या रविवारपासून दसऱ्यापर्यंत महागडं कार्ड घेताना होणाऱ्या बऱ्याचशा चुका आम्ही थोडक्यात टाळल्या, आणि एक मी स्वतः केली. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

आधी काय होतं

भाऊ सव्वीस वर्षांचा. हुपरीतल्या एका चांदीच्या पेढीवर संगणकावर पैंजणांची, जोडव्यांची डिझाइनं करतो. घर शिवाजी पेठेत, जुनं, लाकडी जिन्याचं. माडीवरची दहा बाय दहाची खोली त्याची. पीसी २०२० चा, मीच जोडलेला : रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६६० सुपर हे ६ जीबीचं कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. समोर २४ इंची १०८०पी मॉनिटर, ७५ हर्ट्झचा.

यात त्याला आरटीएक्स ५०८० बसवायचं होतं. हे एनव्हिडियाचं जानेवारी २०२५ मध्ये आलेलं कार्ड. १६ जीबी मेमरी, ३६० वॅट, भारतातली जाहीर किंमत १ लाख ७ हजार. आम्हाला राजारामपुरीत मिळालेला भाव १ लाख १३ हजार. त्याच्या वरचं ५०९० हे ३२ जीबीचं आणि ५७५ वॅटचं. ते दोन लाखांच्या पुढं जातं, म्हणून त्याचं नाव निघालं आणि मागं पडलं.

श्रावण असल्यामुळं मावशीकडं तांबडा-पांढरा नव्हता, थालीपिठावर भागलं. खाऊन वर गेलो आणि पहिलं काम म्हणजे त्याला स्टीमची, म्हणजे गेम विकत घ्यायच्या ॲपची, लायब्ररी उघडायला लावली. कुठला गेम किती तास खेळलाय हे तिथं बिनबोभाट लिहिलेलं असतं. काउंटर-स्ट्राइक २ : एक हजार नऊशे तास. सायबरपंक २०७७ : एकेचाळीस तास. बाकी किरकोळ.

"एकेचाळीस तासांसाठी सव्वा लाख?" मी विचारलं.

"दादा, चालतच न्हाई म्हणून एकेचाळीस. नीट चालला असता तर चारशे झाले असते की."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. तासांचा आकडा माणूस काय खेळला ते सांगतो. काय खेळायची हौस मनात राहिली, ते त्यात दिसत नाही. फक्त तासच बघायचे तर त्याला नवं कार्डच नको होतं. त्यामुळं ठरवलं की दोन्ही गेम जमेस धरायचे : एक त्याचा रोजचा, एक त्याच्या हौसेचा.

फुकटातली चाचणी

कार्ड कमी पडतंय की प्रोसेसर, हे बघायला पैसे लागत नाहीत. गेम नेहमीच्या १०८०पी वर चालवायचा, फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतात ती, मोजायच्या. मग त्याच जागी, त्याच सेटिंगला रिझोल्यूशन ७२०पी करायचं आणि परत मोजायच्या. १०८०पी म्हणजे पडद्यावर साधारण २०.७ लाख ठिपके, ७२०पी म्हणजे ९.२ लाख. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं, प्रोसेसरचं मात्र तेवढंच राहिलं, कारण गोळी कुणाला लागली आणि कोण कुठं पळतंय याचा हिशेब ठिपक्यांवर अवलंबून नसतो. फ्रेम्स वाढल्या तर अडचण कार्डाची होती. नाही वाढल्या तर नवं कार्ड आणून पैसे पाण्यात.

काउंटर-स्ट्राइकमध्ये १०८०पी वर दीडशेच्या आसपास फ्रेम्स मिळत होत्या. ७२०पी वर? तेवढ्याच. म्हणजे अडकलंय ते प्रोसेसरपाशी. सायबरपंकमध्ये एकोणचाळीसच्या साठ झाल्या. तिथं कार्डच थकलेलं.

म्हणजे दोन गेम आणि दोन उलटे निकाल. त्यात तिसरी गोष्ट अशी की मॉनिटर ७५ हर्ट्झचा, सेकंदाला पंच्याहत्तर चित्रंच दाखवणारा. काउंटर-स्ट्राइकच्या दीडशेतल्या निम्म्या फ्रेम्स त्याला डोळ्यांनी कधी धड दिसल्याच नव्हत्या. पाच वर्षं! मी हे सांगितल्यावर तो बराच वेळ त्या मॉनिटरकडं बघत बसला.

झिणझिण्या

एसएमपीएसवरचं लेबल वाचायला मी टेबलामागं वाकलो आणि कॅबिनेटच्या पत्र्यावर मनगट टेकवलं. मुंग्या चावल्यासारख्या झिणझिण्या आल्या.

"हे कधीपासनं?"

"ते? पहिल्यापासनंच हाय. चप्पल घालून बसलं की न्हाई लागत."

बॅगेतनं मल्टिमीटर काढला. कॅबिनेटचा पत्रा आणि खालच्या न्हाणीतला लोखंडी नळ यांच्यामध्ये लांब वायर टाकून मोजलं. १०८ व्होल्ट.

हा आकडा उगाच आलेला नव्हता. एसएमपीएसमध्ये लाइनवरचा गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडनं बॉडीला आणि एक न्यूट्रलकडनं बॉडीला. त्यातनं येणारा बारीकसा करंट अर्थमध्ये निघून जावा अशी रचना असते. अर्थच नसेल तर बॉडी मध्येच लटकते, २३० च्या निम्म्यावर. करंट अगदी थोडा, म्हणून माणूस मरत नाही, नुसता दचकतो. पण यूएसबी, हेडफोन, मॉनिटरची केबल असं एकेक जोडताना तेच व्होल्टेज त्या सॉकेटांतनं वाट शोधतं. सॉकेट उघडलं तर तिसऱ्या पिनेला वायरच नाही. पिन होती, शोभेला. घराचं वायरिंग कुणी तरी दोनच तारांवर केलेलं.

लाखाचं कार्ड असल्या पत्र्यात बसवायला मी तयार नव्हतो. भावाला ते पटेना. पाच वर्षं काही झालं नाही, आता काय होणार, हा त्याचा मुद्दा. मी आवाज चढवला, तो गप्प झाला, आणि मग आमच्या मदतीला आली ती मावशी. खालनं तिनं सगळं ऐकलं होतं. "व्हय रे, आमचं कपडे धुवायचं मशीन पण चावतंय बघ. अकरा वर्षं झाली. मला वाटलं, ते असंच असतंय."

खाली जाऊन मोजलं. तिथंही तोच प्रकार, वर ओली फरशी. काका तोवर पेपर वाचत बसले होते आणि ग्राफिक्स कार्ड हा विषय त्यांच्या लेखी पत्त्यांच्या डावाइतकाच महत्त्वाचा होता. मशीनचं ऐकल्यावर मात्र पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "अर्थिंगचे पैसे मी देतो, ते घराचं काम. त्या कार्डाचं तुमचं तुम्ही बघा."

गल्लीतला वायरमन आला. त्यानं आधी स्वस्तातला मार्ग सुचवला : सॉकेटमध्येच तिसरी पिन न्यूट्रलला जोडून टाकू, पाच मिनिटांचं काम. हा जुगाड मी खूप ठिकाणी पाहिलाय आणि तो कधीही करू नये. कुठं तरी न्यूट्रल तुटली की त्याच वायरमधनं पुरे २३० व्होल्ट पत्र्यावर येतात, आणि मग झिणझिण्यांवर भागत नाही. शेवटी परसात, जिथं न्हाणीचं पाणी मुरतं तिथं, खड्डा घेऊन अर्थिंग केलं, मीटरपासून माडीपर्यंत स्वतंत्र हिरवी वायर ओढली, मेन स्विचला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लावला. खर्च साडेसहा हजार. परत मीटर लावला : पत्र्यावर शून्य, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड व्होल्ट. मावशीनं ओल्या हातानं मशीनला हात लावून बघितला. तिला म्हटलं, हे असं तपासायचं नसतं.

कॅलेंडरच्या मागची बाजू

जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. भाऊ एका बाजूला, मी दुसऱ्या.

त्याची बाजू अशी : ५०८० चे १ लाख १३ हजार, त्याला ८५० वॅटचा एसएमपीएस लागतो त्याचे बारा, २७ इंची १४४०पी मॉनिटर साडेअठरा. झाले १ लाख साडेत्रेचाळीस. प्रोसेसर पुढच्या भिशीला. हे अगदी वेडेपणाचं नव्हतं. पुष्कळ लोक असंच करतात, कारण कार्ड एकदा घेतलं की पुढच्या पीसीतही जातं.

माझं म्हणणं असं : त्याचा एक हजार नऊशे तासांचा गेम प्रोसेसरपाशी अडकलाय, तो ५०८० नं एका फ्रेमनंही पुढं सरकणार नाही. आणि हौसेचा गेमही पूर्ण सुटत नाही, कारण रे ट्रेसिंग, म्हणजे गेममधल्या प्रकाशाचा खराखुरा हिशेब, चालू केलं की प्रोसेसरचंही काम वाढतं. सायबरपंकच्या गर्दीच्या बाजारात ३६०० चा दम पन्नाशीच्या आतच संपतो. ५०८० तिथं रिकामं बसून वाट बघणार. एका खिडकीवर एकच कारकून आणि मागं दहा माणसांची छपाई, अशातली गत.

म्हणून मी एक पायरी खाली सुचवली, आरटीएक्स ५०७० टीआय. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं, भारतातली जाहीर किंमत ८० हजार, आम्हाला पक्क्या बिलानं ८३ हजाराला मिळालं. मेमरी तीच १६ जीबी, मेमरीपर्यंतचा रस्ता (बस) ही तेवढाच रुंद, २५६ बिटांचा. फरक गाभ्यात : ५०८० मध्ये १०,७५२ कूडा कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग, यात ८,९६०. कागदावर वीस टक्के, गेममध्ये बहुतेक वेळा दहा ते पंधरा. त्यासाठी तीस हजार जास्त, म्हणजे किमतीत छत्तीस टक्के. ते तीस हजार प्रोसेसर आणि बोर्डात घातले तर दोन्ही गेम सुटतात.

"मग ५०७० च घेऊ की," तो चिडून म्हणाला. "ते तर ४०९० च्या बरोबरीचं हाय म्हणत्यात."

५०७० हे ५०७० टीआयच्याही एक पायरी खालचं, आणि ४०९० म्हणजे आधीच्या पिढीतलं सगळ्यात वरचं कार्ड. हे 'म्हणत्यात' कुठनं आलं ते ठाऊक होतं. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या मंचावर एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरच्या ५०७० मध्ये ४०९० ची कामगिरी मिळेल असं सांगितलं होतं, आणि त्याचे रील आमच्या पेठेपर्यंत पोचलेले. त्यातली गोम मल्टी फ्रेम जनरेशनमध्ये आहे. कार्ड एक खरी फ्रेम काढतं आणि मधल्या जागेत, २०२५ च्या हिशेबानं, तीनपर्यंत फ्रेम्स अंदाजानं भरतं. कोपऱ्यातला आकडा चौपट होतो, डोळ्याला हालचाल सफाईदार वाटते. पण तुम्ही माउस हलवल्याची दखल खऱ्या फ्रेमलाच घेतली जाते. खऱ्या फ्रेम्स तीस असतील तर पडदा एकशे वीस दाखवेल आणि हाताला गाडी चिखलातनं ओढल्यासारखी वाटेल. खऱ्या साठ असतील तर हीच गोष्ट उत्तम चालते. थोडक्यात, ज्याच्याकडं आधीच बऱ्यापैकी आहे त्यालाच हे वाढवून देतं, व्याजासारखं. शिवाय ५०७० मध्ये मेमरी १२ जीबी. आज चालेल, पण पाच वर्षं वापरायच्या बेतानं घेताना मला ती तोकडी वाटली.

एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी मात्र मी मनापासून मांडलं. १६ जीबी, ३०४ वॅट, मार्च २०२५ चं, आम्हाला ६६ हजारांत मिळत होतं. साध्या गेमिंगला ५०७० टीआयच्या जवळपास, सतरा हजार वाचतात. फक्त गेमच असते तर मी तेच घ्यायला लावलं असतं. पण भाऊ घरी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पैंजणांची रेंडर काढतो, घुंगरांवरची चकाकी गिऱ्हाइकाला दाखवायला. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर काढणाऱ्या भागात एनव्हिडियाचं ऑप्टिक्स हे तंत्र वेगात बरंच पुढं आहे. त्याच्या पोटाचं काम तिकडं, आणि हौस होती पाथ ट्रेसिंगची, म्हणजे रे ट्रेसिंगच्याही पुढच्या पायरीची, तिथंही एनव्हिडियाचंच पारडं जड. सतरा हजार तिथं गेले.

इचलकरंजीतला एक जण वापरलेलं ३०८० हे जुन्या पिढीतलं कार्ड अठ्ठावीस हजारांत द्यायला तयार होता. बिल नाही, वॉरंटी संपलेली, मागच्या बाजूचे स्क्रू चरलेले. पुढं बोललोच नाही.

शेवटचा कागद असा झाला : ५०७० टीआय ८३ हजार, रायझन ५ ७६०० साडेसोळा, बी६५० बोर्ड साडेबारा, ३२ जीबी डीडीआर५ रॅम नऊ, ७५० वॅटचा एटीएक्स ३.१ एसएमपीएस साडेनऊ, २७ इंची १४४०पी १८० हर्ट्झ मॉनिटर साडेअठरा. एकूण १ लाख ४९ हजार. भिशीत हजार रुपये शिल्लक. एएम४ सॉकेटचा जुना बोर्ड ठेवून नुसता ५७००एक्स३डी प्रोसेसर टाकायचा विचार मी आधी केला होता, त्यात वीसेक हजार वाचले असते, पण तो प्रोसेसर नवा कुठंच मिळेना.

ही यादी पटायला त्याला आठ दिवस लागले. 'टीआय' ही दोन अक्षरं त्याला कमीपणाची वाटत होती, आणि मित्रांना त्यानं आधीच ५०८० सांगून ठेवलेलं.

घेताना

मग दोन आठवडे जीएसटीत गेले. २२ सप्टेंबरपासून दर कमी होणार, सगळं स्वस्त होणार, थांबूया, असं त्याला कुणी तरी सांगितलं. ग्राफिक्स कार्डावर आधीपासूनच १८ टक्के होता आणि नंतरही १८ च राहिला. २८ वरनं १८ वर आले ते ३२ इंचांपेक्षा मोठे मॉनिटर आणि टीव्ही. आमचा २७ इंचांचा. थांबून एक रुपयाही वाचला नाही.

ऑनलाइन घेतलं तर तीन हजार कमी द्यावे लागत होते. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर, रात्रीच्या बसनं जाऊन, बिलाशिवाय आणखी थोडे. मी राजारामपुरीतनंच घ्यायला लावलं. कार्ड बिघडलं तर ते खोक्यात घालून पाठवणं, पाठपुरावा करणं हे दुकानदार करतो, आणि तीन वर्षांत ते एकदा जरी लागलं तरी तीन हजार वसूल. एका दुकानात अडवणूकही झाली : कार्ड पाहिजे तर सोबत आमच्याकडचाच एसएमपीएस घ्या. त्या एसएमपीएसवर कार्डाला वीज देणारी सोळा पिनांची केबलच नव्हती. दुसऱ्या दुकानात गेलो.

दुकानातच खोक्यावरचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घेतला आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढला.

जोडणी खंडेनवमीला. त्या दिवशी फौंड्रीत फर्नेसची, पॅनेलची पूजा असते, दुपारी सुट्टी. पेठेत गेलो तर मावशीनं कार्डाच्या खोक्याला हळदकुंकू लावून ठेवलेलं आणि झेंडूचा हार कॅबिनेटवर चढवायच्या तयारीत. हार टेबलावर ठेवायला लावला, पाकळ्या पंख्यात जातात.

कार्ड ३०४ मिलिमीटर लांब. कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्यापर्यंत जागा ३०५. हे मी आधीच टेपनं मोजलं होतं, म्हणूनच हे मॉडेल निवडलं; त्याच किमतीत ३३० मिलिमीटरची कार्डं होती, ती आत गेलीच नसती. तरी एक मिलिमीटरवर कार्ड तिरकं करून आत घालता येईना. शेवटी पुढचा पंखा काढला, कार्ड बसवलं, मग पंखा परत लावला. कार्डाच्या शेपटाखाली खोक्यातला टेकू दिला, कारण सव्वा किलोच्या वर वजन नुसत्या स्लॉटवर लोंबकळत ठेवणं बरं नाही.

आणि मग ती सोळा पिनांची केबल. ४०९० च्या वेळी, २०२२ च्या शेवटी, हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या आणि तेव्हापासून लोक त्याला घाबरतात. माझ्या धंद्यात हे नवीन नाही. फर्नेसच्या पॅनेलमध्ये ढिला लग (वायरचं टोक बसवायची पट्टी) म्हणजे तापलेला लग. टोकापाशी रेझिस्टन्स थोडा वाढला तरी उष्णता वाढते, आणि करंट वाढला तर त्याच्या वर्गाच्या पटीत. आकडे मांडून बघा : ३०० वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे २५ अँपिअर, सहा पिनांत वाटले की पिनेमागं चारच्या थोडे वर. पिनेची क्षमता साडेनऊ. निवांत काम. हाच हिशेब ५०९० ला लावला तर पिनेमागं आठ अँपिअर. एखाद-दुसरी पिन नीट टेकली नाही की तिचा भार शेजारणीवर, आणि शेजारीण आधीच काठावर. नव्या १२व्ही-२x६ कनेक्टरमध्ये सूचना देणाऱ्या बारक्या पिना आखूड केल्यात, अर्धवट बसला तर कार्ड पूर्ण ताकद मागतच नाही. तरी हातानं दाबून, कड कुठंही दिसत नाही हे टॉर्च लावून बघितलं, आणि केबल कनेक्टरपासून तीन-साडेतीन सेंटिमीटर सरळ ठेवून मगच वाकवली. काच बंद करताना केबल काचेला टेकत नाही ना, तेही पाहिलं.

पीसी सुरू झाल्यावर गेमच्या आधी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं ॲप उघडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनव्हिडियानं मान्य केलं होतं की काही कार्डांत आरओपी नावाचे भाग कमी निघालेत, अर्ध्या टक्क्याहून कमी कार्डांत, आणि त्यामुळं सरासरी चार टक्के वेग जातो. ५०७० टीआयला ९६ पाहिजेत. ९६ होते. तोवर भाऊ मागं उभा राहून "दादा, आता लाव की" म्हणत होता.

माझी चूक

ऑक्टोबरच्या मध्यावर परतीचा पाऊस आला, विजांसकट. संध्याकाळी लाईट गेली आणि भावाचा पीसी यूपीएसच्या एका लांब 'टूंऽऽ'सकट बंद पडला. यूपीएस होता की! २०२० मध्ये मीच घेऊन दिलेला, ६०० व्हीएचा. असले यूपीएस वॅटमध्ये ३६० च्या आसपासच उचलतात. जुना पीसी गेम खेळताना दोनशे ओढायचा, चालायचं. नवा साडेचारशे ओढत होता. लाईट असेपर्यंत काही कळलं नाही, आणि बॅटरीवर गेल्या क्षणी ओव्हरलोड.

दीड महिना सॉकेट, अर्थिंग, पिनेमागचे अँपिअर मोजणारा मी, मध्ये ठेवलेल्या काळ्या डब्याकडं बघायला विसरलो. मेंटेनन्सवाल्यानं करू नये अशी चूक. काही जळलं नाही, ब्लेंडरची एक अर्धवट फाइल गेली. जुन्या पीसीचा माल माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलाला सतरा हजारांत विकला होता, त्यातले सात हजार घालून ११०० व्हीएचा यूपीएस घेतला. त्यावर पाच मिनिटं मिळतात, फाइल सेव्ह करून बंद करायला पुरतात.

त्याच सुमारास ऑक्टोबरच्या उकाड्यानं दुसरी तक्रार आणली. साडेचारशे वॅटचा पीसी म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत शेगडीच. पंखा लावून फक्त गरम हवा फिरते. आफ्टरबर्नर हे कार्डाची सेटिंग बदलायचं ॲप वापरून कार्डाचं व्होल्टेज थोडं उतरवलं. तीनशे वॅटचं कार्ड दोनशे चाळीसच्या आसपास आलं, फ्रेम्स तीन-चार टक्के गेल्या, त्या कुणाला दिसल्या नाहीत. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आता

काउंटर-स्ट्राइक अडीचशेच्या वर चालतो, आणि मॉनिटर त्यातल्या एकशे ऐंशी दाखवतो. सायबरपंक १४४०पी वर, डीएलएसएस (कमी ठिपके काढून चित्र मोठं करायचं एनव्हिडियाचं तंत्र) क्वालिटीवर ठेवून आणि पाथ ट्रेसिंग लावून, पन्नाशीच्या आसपास खऱ्या फ्रेम्स देतो; फ्रेम जनरेशन दुप्पट ठेवलं की नव्वद दिसतात. चौपट करून त्यानं एकदा मित्रांना दाखवलं, नंतर स्वतःच दुपटीवर आणलं. ५०८० असतं तर पन्नासच्या जागी पंचावन्न-सत्तावन्न झाल्या असत्या. त्याला ते मधूनमधून आठवतं.

रॅमचं मात्र निव्वळ नशीब. आम्ही नऊ हजाराला घेतलेली ३२ जीबी रॅम वर्ष संपेपर्यंत दुपटीच्याही पुढं गेली, जगभर. प्रोसेसर-बोर्ड 'पुढच्या भिशीला' ठेवला असता तर तिथंच मार बसला असता. यात माझी हुशारी काही नाही, मला हे येतंय याची कल्पनाही नव्हती.

काकांनी डिसेंबरचं बिल आल्यावर मला बोलावून घेतलं. रोज चार तास धरले तर जुना पीसी महिन्याला चोवीस युनिट खायचा, नवा पन्नासच्या आसपास. त्यांच्या बिलात सगळे आकार धरून युनिट बारा रुपयांच्या जवळ पडतं, म्हणजे सव्वातीनशे रुपये जास्त. त्यांनी ते पेन्सिलनं बिलाच्या कोपऱ्यात लिहिलं आणि वर हाक मारून भावाला दर महिन्याला तेवढे द्यायला सांगितलं.

परवा गेलो तेव्हा परत लायब्ररी उघडायला लावली. सायबरपंक ९६ तास. काउंटर-स्ट्राइक २,१४०.